नव्वद किलो आर-२२ एका सकाळी रिसीव्हरमधून बाहेर काढायचा असेल तर

रामराम भाऊ. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. भिवापूरकडचं मिरचीचं एक जुनं कोल्ड स्टोरेज आहे. प्लांट आर-२२ या थंडाव्याच्या गॅसवर चालतो, गॅस साधारण नव्वद किलो. रिसीव्हर, म्हणजे लिक्विड झालेला गॅस साठवायची टाकी, खालून गंजलाय, तो बदलायचा आहे. कंडेन्सर एअर कूल्ड असल्यामुळे पंप-डाउन करून (कंप्रेसरनेच गॅस एका बाजूला गोळा करून) सगळा गॅस त्यात कोंडता येत नाही. मिरचीची पोती यायच्या आत काम संपवा म्हणून मालक मागे लागलेत. तुमच्याकडे प्लांटमधला गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारी छोटी रिकव्हरी मशीन आहे, ती दिवसभर चालवूनही वीस-पंचवीस किलोच्या वर काढत नाही. कुणी सांगितलं रिसीव्हरला ब्लो लॅम्प दाखवा, कुणी सांगितलं फवारणीचा एचटीपी पंप लावा. तुम्ही विचारता की पंपाने लिक्विड काढता येतं का, आणि त्यात धोका कुठे आहे.

पंपाने काढता येतं, आणि तुमच्या ठिकाणी तेच बरं पडेल. पण ब्लो लॅम्प आणि फवारणीचा पंप, दोन्ही आजच डोक्यातून काढून टाका. गंजलेल्या रिसीव्हरला आच दाखवणं म्हणजे आतला दाब वाढवायचा आणि पत्राही नरम करायचा. शिवाय जवळ कुठे गळती असेल तर ज्योतीत सापडलेला आर-२२ जळून त्याची हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाची वाफ होते, थोडा फॉस्जीनही तयार होतो. तो छातीत गेला की त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो, आणि तोवर माणूस घरी पोचलेला असतो.

एचटीपी पंपाबद्दल लोकांची समजूत अशी की तो संत्र्याच्या झाडाच्या शेंड्यापर्यंत फवारा मारतो, म्हणजे त्याला दाब सोसतो. सोसतो, पण फक्त डिलिव्हरीच्या बाजूला. त्याची सक्शन बाजू ड्रममधल्या उघड्या पाण्यासाठी बनवलेली असते. तुमच्या रिसीव्हरमध्ये पंचवीस अंशाला गेजवर साडेनऊ बार दिसतील, चाळीस अंशाला सव्वाचौदा. हा सगळा दाब पहिल्या क्षणी सक्शनच्या पॅकिंगवर येतो. ते रबर आर-२२ मध्ये फुगतं, आणि मग गॅस शाफ्टच्या कडेने फसफसत बाहेर येतो. हे मी एका बागायतदाराच्या शेडमध्ये डोळ्यांनी पाहिलंय.

आता तुमची मशीन इतकी हळू का चालते ते समजून घ्या. तुम्ही रिसीव्हरच्या वरून वाफ ओढताय. पंचवीस अंशाला एक लिटर वाफेत जेमतेम ४४ ग्रॅम आर-२२ असतो आणि एक लिटर लिक्विडमध्ये जवळपास ११९० ग्रॅम. म्हणजे तेवढ्याच जागेतून सत्तावीस पट माल जाऊ शकतो. त्यात आणखी एक अडचण आहे. वाफ ओढली की उरलेलं लिक्विड उकळतं, उकळताना स्वतःच थंड होतं, दाब उतरतो, वाफ आणखी विरळ होते, आणि मशीन नुसती गरम होत फिरत राहते. (दुधाच्या चिलिंग सेंटरवर किंवा पाण्याच्या चिलरवर काम असेल तर हे जास्त जपा. वाफ ओढता ओढता चिलरमधलं पाणी गोठतं आणि ट्यूबा फुटतात. तिथे पाणी फिरतं ठेवायचं किंवा पूर्ण काढून टाकायचं.) म्हणून मोठ्या प्लांटवर नियम एकच: आधी लिक्विड, मग उरलेली वाफ.

लिक्विड हलवायच्या तीन वाटा आहेत, आणि तिन्ही कामाच्या आहेत.

पहिली वाट थंडाव्याची. जिकडे थंड, तिकडे दाब कमी. रिसीव्हर पंचवीस अंशावर आणि सिलिंडर बर्फाच्या पाण्यात पाच अंशावर असेल तर एकीकडे साडेनऊ बार आणि दुसरीकडे पावणेपाच. मधल्या पावणेपाच बारवर लिक्विड आपोआप धावतं, कुठलीही मोटर न लावता. बर्फाच्या कारखान्यातून दोन लाद्या आणा, फोडून टबात घाला, सिलिंडर त्यात उभा करा. विदर्भात हे पहाटे पाच वाजता केलं तर सोन्यासारखं होतं. दुपारी दोन वाजता करायला गेलात तर उलटं होतं: ट्रॉलीत उन्हात ठेवलेला सिलिंडर पंचेचाळीसच्या पुढे जातो, सावलीतला रिसीव्हर पस्तीसवर असतो, आणि लिक्विड सिलिंडरमधून परत रिसीव्हरकडे येऊ पाहतं. पोरं म्हणतात वॉल्व्ह खराब आहे. वॉल्व्ह चांगला असतो, वेळ चुकलेली असते.

दुसरी वाट पुश-पुलची. रिकव्हरी मशीन सिलिंडरच्या वाफेच्या वॉल्व्हमधून ओढते आणि तीच वाफ रिसीव्हरच्या वर ढकलते. रिसीव्हरमधलं लिक्विड खालच्या वॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये येतं. फार चांगली पद्धत आहे, तुमच्याच मशीनवर होते. पण यात रिसीव्हरवरचा दाब थोडा वाढतो, आणि तुमचा रिसीव्हर खालून गंजलेला आहे. पत्रा किती उरलाय ते बाहेरून कळत नाही. म्हणून तुमच्यासाठी मी हिला दुसऱ्या नंबरवर ठेवीन. जे चांगल्या रिसीव्हरवर ही पद्धत वापरतात त्यांच्यासाठी एक गोष्ट जरूर लिहितो: पुश-पुल एकदा सुरू झालं की सायफनसारखं चालतं. सिलिंडर ८० टक्के भरल्यावर मशीन आपोआप बंद पडली तरी लिक्विड येतच राहू शकतं. लाइट गेली तरी येऊ शकतं. वॉल्व्ह हाताने बंद केल्याशिवाय थांबलं असं धरू नका.

तिसरी वाट पंपाची. रेफ्रिजरंटसाठीच बनवलेला, मॅग्नेटिक कपलिंगचा गियर पंप घ्या. त्यात शाफ्ट बाहेर येत नाही, म्हणून सील गळायचा प्रश्न नाही. भाड्याने मिळाला तर त्याच्या प्लेटवरचा दाब आणि गॅसचं नाव वाचा. आर-२२ चा पंप आर-४१०ए किंवा आर-३२ या दुसऱ्या गॅसला लावायचा नाही, त्यांचा दाब दीडपटीच्या वर असतो. आणि आर-३२ पेटतो, त्यासाठी मोटरसुद्धा ठिणगी न पडणारी लागते. पंपाला स्वतःचा रिलीफ बायपास हवा, म्हणजे पुढचा वॉल्व्ह चुकून बंद राहिला तर लिक्विड पंपातच मागे फिरेल.

पंपाची खरी गोम सक्शनमध्ये आहे, आणि इथेच नव्वद टक्के लोक फसतात. विहिरीतलं पाणी पंप ओढतो कारण पाणी उकळायला अजून फार लांब असतं. रिसीव्हरमधलं लिक्विड मात्र उकळायच्या काठावरच बसलेलं असतं. सक्शनमध्ये दाब जरासा पडला की तिथेच वाफ होते, पंपात बुडबुडे जातात, आणि घूं घूं असा भरीव आवाज बदलून आत खडे टाकल्यासारखी खरखर सुरू होते. ती खरखर म्हणजे पंप कोरडा फिरतोय. त्याच्या बेअरिंगला त्या लिक्विडचंच वंगण असतं, त्यामुळे कोरडा पंप काही मिनिटांत खलास होतो.

किती जरासा, ते आकड्यात सांगतो. पंप रिसीव्हरपेक्षा एक मीटर खाली ठेवला तर लिक्विडच्या उंचीने तुम्हाला मिळतो ०.१२ बार. आणि पंचवीस अंशाच्या आसपास आर-२२ एका अंशाने तापला तर त्याचा दाब ०.२८ बारने बदलतो. म्हणजे तुम्ही मेहनतीने खणलेल्या एक मीटरच्या खड्ड्याचा सगळा फायदा होज अर्ध्या अंशाने तापली की गेला. म्हणून सक्शनची होज उन्हात नको, गरम भिंतीला टेकलेली नको, कंप्रेसरच्या डोक्यावरून नेलेली तर मुळीच नको. तिच्यावर ओलं बारदान गुंडाळा. पंपावरही टाका, फक्त मोटर आणि वायर कोरडी ठेवा.

होज आखूड आणि जाड ठेवा. आपल्याकडे सगळ्यांच्या पेटीत दोन सुताची (पाव इंची) होज असते, तीच सगळीकडे लावतात. चार सुताची लावली तर तेवढ्याच दाबात पाच पटीच्या वर लिक्विड जातं. जिथे पिन वॉल्व्ह (टायरच्या वॉल्व्हसारखा, आत पिन असलेला) आहे तिथली पिन काढायच्या हत्याराने काढून घ्या. त्या बोटभर पिनेत अख्ख्या होजपेक्षा जास्त अडथळा असतो. मधे कुठे जुना फिल्टर ड्रायर (कचरा आणि ओल धरणारी डबी) असेल तर तोही वाटेतून बाजूला करा. लोक मोठा पंप शोधत फिरतात आणि पिन तशीच ठेवतात.

आता तुमच्या कामाचा क्रम मी असा लावीन.

आदल्या संध्याकाळी प्लांट चालवून लिक्विड रिसीव्हरमध्ये गोळा करा, पण हाय साइडचं (कंप्रेसरपुढच्या जास्त दाबाच्या बाजूचं) गेज रोजच्या आकड्याच्या वर जाऊ देऊ नका. रूममध्ये पंखे चालू ठेवा, म्हणजे कॉइलमध्ये अडकलेलं लिक्विडही येईल. पहाटे सिलिंडर बर्फात. सिलिंडर रिकामे, व्हॅक्यूम मारलेले आणि याआधी फक्त आर-२२ साठीच वापरलेले हवेत. प्लांटच्या गॅसमध्ये दुसरा गॅस किंवा हवा मिसळली की पुढे हेड प्रेशर (कंप्रेसरपुढचा दाब) चढायची रडकथा सुरू होते.

सिलिंडर किती? लोक म्हणतील ५० लिटरचे दोन पुरतात. हिशेब करू. सिलिंडरवर पाण्याची क्षमता कोरलेली असते. तिच्या ८० टक्के धरा, आणि लिक्विडची घनता गरम दिवसाची घ्या, पंचेचाळीस अंशाला आर-२२ ची साधारण १.१. म्हणजे ५० गुणिले ०.८ गुणिले १.१, उत्तर ४४ किलो. दोन सिलिंडर म्हणजे ८८. तुमचे नव्वद बसत नाहीत, म्हणून तीन आणा. सिलिंडरवर त्या गॅससाठी यापेक्षा कमी आकडा कोरलेला असेल तर तोच खरा. आर-३२ असता तर त्याच सिलिंडरात ३५ किलोच धरले असते.

हे ८० टक्के कशासाठी ते एकदा मनात बसलं पाहिजे. पहाटे दहा अंशाच्या गार सिलिंडरात तोंडापर्यंत भरलं तर ५० लिटरमध्ये ६२ किलो मावतात. तेच ६२ किलो दुपारी पंचेचाळीस अंशावर आले की त्यांना ५६ लिटर जागा लागते. सिलिंडर काही वाढत नाही. वाफेची जागा संपली की पुढच्या एकेका अंशाला दाब कित्येक बारने चढतो. सेफ्टी उडाली तर नशीब समजा. म्हणून अंदाजाने, वाजवून, घाम कुठवर आलाय ते पाहून भरू नका. काटा लागतोच.

काटा तिथे मिरचीच्या पोत्यांचा असेलच, चालेल. बर्फाचा टब आणि सिलिंडर दोन्ही काट्यावर ठेवा. बर्फ वितळला तरी वजन तेच राहतं, पण मधेच बर्फ घातला किंवा पाणी काढलं तर आकडा नव्याने लिहून घ्या. होजला सैल वळसा ठेवा. ताठ होज काट्याला उचलून धरते आणि दोन-तीन किलो कमी दाखवते. एक माणूस फक्त काट्यापाशी, त्याला दुसरं काम सांगायचं नाही.

होजमधली हवा काढून टाका, शक्यतो व्हॅक्यूमनेच. आधी पंप न लावता बर्फाच्या जोरावर लिक्विड येऊ द्या. साइट ग्लासमध्ये (लाइनवरच्या बघायच्या काचेत) बघा: काचेत काहीच नाही असं वाटेल इतकं स्वच्छ दिसलं तर भरीव लिक्विड चाललंय. पांढरे बुडबुडे धावताना दिसले तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे, आणि त्या जागेपुढे होजवर दहिवर साचलेलं असेल. हाताने न चाचपता नजरेने शोधा. काही वेळाने सिलिंडरचा दाब वर येतो आणि वेग मंदावतो. तेव्हा सिलिंडरची वाफ आणि रिसीव्हरची वाफ जोडणारी बॅलन्स लाइन उघडा. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की पंपाला फक्त होजचा अडथळा ढकलायचा उरतो. रिसीव्हरवर जादा दाब येत नाही, आणि तुमच्या गंजलेल्या रिसीव्हरसाठी पंपच का, याचं कारण हेच. पंपाच्या पुढचा वॉल्व्ह आधी उघडा, पंप लिक्विडने भरू द्या, मग बटण दाबा. आवाज ऐकत राहा. खरखर आली की लगेच बंद.

४४ किलो झाले की सिलिंडर बदलायचा, आणि बदलताना ज्या चुकीने माझ्या हातून एक माणूस भाजला ती तुम्ही करू नका.

बारा-तेरा वर्षं झाली, यवतमाळकडच्या एका दुधाच्या चिलिंग सेंटरवर मे महिन्यात मी असंच लिक्विड काढत होतो. होजच्या दोन्ही टोकांना बॉल वॉल्व्ह होते. जेवायची वेळ झाली म्हणून मी दोन्ही बंद केले आणि होज सिमेंटच्या ओट्यावर तशीच टाकली. आत लिक्विड भरलेलं होतं. आम्ही कडुनिंबाखाली डबे उघडले. माझा हेल्पर पाण्याची कॅन आणायला ओट्यापाशी गेला आणि बंदुकीसारखा आवाज झाला. होज मधोमध चिरली होती. तिचं टोक त्याच्या नडगीवर बसलं आणि पांढरा फवारा पायावर. पायात प्लास्टिकची चप्पल होती. मी पोचलो तेव्हा अंगठा आणि त्याच्या बाजूची दोन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी, टणक झालेली. तो म्हणत होता, दुखत नाही. दुखणं अर्ध्या तासाने सुरू झालं. पाय कोमट पाण्यात धरला आणि ग्रामीण रुग्णालयात नेलं. बोटं वाचली, एक नख कायमचं गेलं. चूक सगळी माझी होती.

म्हणून दोन बंद वॉल्व्हच्या मधे लिक्विड कधीही कोंडायचं नाही. आधी रिसीव्हरकडचा वॉल्व्ह बंद करा, होजमधलं लिक्विड थंड सिलिंडरमध्ये ओढलं जाऊ द्या, होजवरचा घाम सुकायला लागला की मगच सिलिंडरचा वॉल्व्ह बंद. अध्येमध्ये लाइट गेली तरी हाच क्रम. कायमच्या पाइपात दोन वॉल्व्ह असतील तर मधे छोटा रिलीफ वॉल्व्ह बसवून घ्या.

लिक्विड अंगावर आलं तर चोळू नका, शेकू नका. हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात धरा आणि डॉक्टर गाठा. आर-२२ मोकळ्या हवेत उणे ४१ अंशाला उकळतो, त्यामुळे कापडी हातमोजे भिजून उलट हाताला चिकटतात. चामड्याचे किंवा थंडीसाठीचे मोजे, डोळ्यांवर बंद गॉगल, पायात बूट. शेतातली माणसं बघायला जमतात, त्यांना लांब ठेवा. वाफ हवेपेक्षा तिपटीने जड असते, खड्ड्यात आणि खालच्या खोलीत साचते. तिला फारसा वास नाही. तुम्ही पंपासाठी खड्डा खणलात तर त्यात वाकून काम करायच्या आधी पंख्याने हवा मोकळी करा.

यूज अँड थ्रोचे सिलिंडर परत भरायचे नाहीत, एकदाही नाही. त्यांचा पत्रा त्यासाठी नसतोच. सिलिंडर मान्यताप्राप्त असावा आणि त्याच्यावर कोरलेली चाचणीची तारीख उलटलेली नसावी. गॅस सिलिंडर नियम, २०१६ ज्या पेसो (स्फोटक आणि दाबाच्या वस्तूंच्या सुरक्षेचं सरकारी खातं) कार्यालयाकडून राबवले जातात त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, शंका असेल तर तिथे जाऊन विचारा. आणि काम लवकर व्हावं म्हणून गॅस हवेत सोडून देऊ नका. नव्वद किलो आर-२२ हवेत गेला तर त्याचा ताप जवळपास १६३ टन कार्बन डायऑक्साइडइतका होतो, ओझोनचं नुकसान वेगळंच. शिवाय मॉन्ट्रियल करारानुसार आपल्या देशात २०३० पासून आर-२२ फक्त जुन्या मशिनींच्या देखभालीपुरता, तोही थोडाच मिळणार आहे. मालकाला सांगा, हा गॅस त्याचाच पैसा आहे.

एक ताकीद. हे सगळं फ्रीऑनसाठी, म्हणजे आर-२२ सारख्या गॅससाठी आहे. मिरची-बटाट्याच्या बऱ्याच मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया असतो. त्याला पितळ-तांबं चालत नाही, लिटरला वजन आर-२२ च्या निम्मं, आणि श्वासात गेला तर जीव घेतो. तिथे श्वसन उपकरण आणि त्याच कामाची माणसं लागतात. हा पंप, या होजा घेऊन तिकडे जाऊ नका.

लिक्विड संपलं की पंप काढा आणि उरलेली वाफ तुमच्या छोट्या मशीनने ओढा, तिचं काम ते आहे. सिलिंडरवर गॅसचं नाव, वजन, तारीख लिहा आणि सावलीत उभे ठेवा. नवा रिसीव्हर बसल्यावर नायट्रोजनने प्रेशर टेस्ट, मग व्हॅक्यूम पाचशे मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे व्हॅक्यूम मोजायचं माप). परत भरताना लिक्विड रिसीव्हरमध्येच द्या, कंप्रेसरच्या सक्शनला नाही. कंप्रेसरचा क्रँककेस हीटर (खालच्या तेलाच्या भागाला गरम ठेवणारा) आदल्या रात्रभर चालू हवा. तुमच्याकडे रात्री लाइट जाते, म्हणून सकाळी आधी क्रँककेसला हात लावून बघा. गार लागला तर त्या दिवशी बटण दाबायची घाई करू नका, हीटर आणखी काही तास चालू द्या.